पानकाप्या मधमाश्यांचे संगोपन: घरट्याच्या नळीपासून पुढच्या हंगामापर्यंत

गुलाबाच्या पानाच्या कडेला गोल किंवा लंबगोल काप दिसला आणि त्या कापाची कड अगदी गुळगुळीत असली, तर ते काम अळीचे नव्हे. अळी पान कुरतडून खाते, त्यामुळे तिने सोडलेली कड वेडीवाकडी असते आणि आसपासच्या पानांवर तिची विष्ठाही सापडते. गुळगुळीत काप पानकाप्या मधमाशीचा असतो. ती पान खात नाही. आपल्या पिल्लासाठी कुपी बांधायला तो तुकडा उचलून नेते. हा फरक आधी ओळखता आला पाहिजे, कारण कीड समजून फवारणी केली की पुढचे सगळे मुसळ केरात जाते. झाडाचे नुकसान बहुधा दिसण्यापुरतेच असते. अगदी लहान रोपावर फार काप पडू लागले, तर त्या दिवसांत त्यावर पातळ जाळी टाकणे पुरेसे होते.

या माश्यांसाठी घरटी टांगण्याची हौस अलीकडे बरीच दिसते, पण बहुतेकांचे संगोपन घरटे टांगण्यापाशीच संपते. वास्तविक खरे काम माश्यांचे उडणे थांबल्यावर सुरू होते. भरलेल्या नळ्या उतरवणे, त्यांतील कुप्या सुट्या करणे, रोगट कुप्या वेगळ्या काढणे, निरोगी कुप्या योग्य तापमानात राखणे आणि फुलांचा बहर साधून माश्या बाहेर काढणे या साखळीतील एक कडी निसटली, तरी तेच घरटे दोन-तीन वर्षांत परजीवींचे आणि बुरशीचे आगर बनते. न उघडता येणारे घरटे लावण्यापेक्षा ते न लावलेलेच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे; त्याची कारणे पुढे येतीलच.

माशीची ओळख

पानकाप्या माश्या मेगाकायली या प्रजातीत मोडतात. या प्रजातीत जगभरातील दीड हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांपैकी सगळ्याच पाने कापतात असे नाही. काही जाती घरट्यासाठी चिखल वापरतात, तर काही झाडांचा राळेसारखा चीक. इंडोनेशियातील मेगाकायली प्लूटो ही जगातील सर्वांत मोठी मधमाशी याच प्रजातीतील आहे. अनेक वर्षे दृष्टीआड राहिलेली ही माशी २०१९ मध्ये पुन्हा जिवंत आढळली, तेव्हा तिची बरीच चर्चा झाली होती. तीदेखील पाने कापत नाही, राळ वापरते.

या माश्या एकांड्या असतात. त्यांच्यात राणी नसते, कामकरी नसतात, पोळेही नसते. प्रत्येक मादी आपले घरटे स्वतः बांधते, स्वतःच अन्न आणते आणि स्वतःच अंडी घालते. मध किंवा मेण त्यांच्यापासून मिळत नाही. राखण्यासारखा साठा किंवा वसाहत नसल्यामुळे त्या अंगावर धावून येत नाहीत. मादीला नांगी असते, पण ती चिमटीत दाबली गेली तरच डंख करते. नराला नांगीच नसते.

ओळखण्याची सोपी खूण पोटाखाली असते. पाळीव मधमाशी पराग मकरंदाने ओला करून मागच्या पायांवर त्याच्या गोळ्या करते, तर पानकाप्या मादीच्या पोटाच्या खालच्या बाजूला दाट केसांचा ब्रश असतो आणि त्यात ती पराग कोरडाच भरून नेते. परागाने भरलेली मादी उडताना तिचे पोट खालून पिवळे दिसते. हा कोरडा पराग सैल असल्यामुळे फुलाफुलावर सांडत जातो आणि परागीभवन चांगले होते.

जगात सर्वाधिक पाळली जाणारी जात म्हणजे मेगाकायली रोटुंडाटा. युरोप आणि आशियातील ही लहानशी माशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नकळत उत्तर अमेरिकेत पोहोचली आणि पुढे तेथील लसूणघासाच्या बियाणे-उत्पादनाचा आधार बनली. लसूणघासाच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांचा दांडा पाकळ्यांच्या आत ताणलेला असतो आणि कीटकाने फूल दाबले की तो झटक्याने वर उसळून कीटकाच्या डोक्यावर आपटतो. हा फटका खाऊन शहाण्या झालेल्या पाळीव मधमाश्या फुलाच्या बाजूने जीभ घालून मकरंद काढून घेतात. दांडा सुटत नाही आणि बी धरत नाही. पानकाप्या मादीला त्या फटक्याचे काही वाटत नाही. ती पराग घेण्यासाठी फूल समोरून उघडते आणि पुढच्या फुलाकडे जाते.

नळीच्या आत काय घडते

मादी सहसा नवे बीळ कोरत नाही. तयार पोकळी शोधते. पोकळ काडी, लाकडातील किड्याचे जुने छिद्र, भिंतीतील नळी असे काहीही तिला चालते. काही जाती मऊ कुजलेल्या लाकडात किंवा मातीतही घर करतात. जागा ठरली की ती पाने कापायला लागते. जबड्याच्या धारदार कडांनी एक तुकडा कापायला तिला काही सेकंद पुरतात. लंबगोल तुकडे कुपीच्या भिंतीसाठी असतात, गोल तुकडे झाकणासाठी. रोटुंडाटाच्या एका कुपीला साधारण १४-१५ तुकडे लागतात. कडा चावून ती त्यांतील रसाने तुकडे एकमेकांना चिकटवते, मग पराग आणि मकरंद यांचे मिश्रण आत भरते, त्यावर एक अंडे घालते, झाकण लावते आणि लगेच पुढच्या कुपीला सुरुवात करते. हवामान आणि फुले अनुकूल असतील, तर दिवसाला साधारण एक कुपी होते. नळी भरली की तोंडाशी पानांच्या गोल तुकड्यांची जाड थप्पी बसवून ती बंद केली जाते. उघडलेल्या नळीत कुप्यांची ओळ हिरव्या चिरुटासारखी दिसते.

एका गोष्टीकडे नवख्याचे हमखास दुर्लक्ष होते, ती म्हणजे नळीची खोली. या माश्यांत फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो, त्यामुळे कुठे कोणते अंडे घालायचे हे मादीच्या हातात असते. ती नळीच्या तळाकडे माद्यांची अंडी घालते आणि तोंडाकडे नरांची, म्हणजे आधी बाहेर पडणारे नर पुढच्या कुप्यांत असतात. नळी आखूड असेल तर माद्यांसाठी जागाच उरत नाही आणि पुढच्या पिढीत नरांचीच गर्दी होते. घरटे बांधणे आणि परागीभवन ही दोन्ही कामे माद्यांची असल्यामुळे आखूड नळ्यांचे सुबक घरटे प्रत्यक्षात तोट्याचेच असते.

अंडे दोन-तीन दिवसांत उबते. अळी साठवलेले अन्न खात साधारण दोन आठवड्यांत पूर्ण वाढते आणि स्वतःभोवती रेशमी वेष्टन विणते. इथून पुढची अवस्था महत्त्वाची आहे. थंड हिवाळ्याच्या प्रदेशांत रोटुंडाटा कोश होण्यापूर्वीच थांबते आणि याच कोशपूर्व अवस्थेत हिवाळा झोपून काढते. उन्हाळा लांब असेल, तर काही माश्या त्याच हंगामात पुन्हा बाहेर पडतात. उष्ण प्रदेशांतील अनेक जातींत तर वर्षभरात एकापेक्षा जास्त पिढ्या होतात. तेव्हा आपल्या भागातील माशी कोणत्या अवस्थेत आणि किती काळ थांबते हे एक हंगाम नुसते पाहून ठरवावे आणि मगच खाली दिलेल्या तापमानांचा विचार करावा. सुप्तावस्थेत न जाणाऱ्या जातीच्या कुप्या शीतकपाटात ठेवल्या तर त्या मरतात.

घरटे तयार करणे

रोटुंडाटाएवढ्या लहान जातींना ५ ते ७ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या आवडतात. मोठ्या जातींना ८ ते १० मिलिमीटर लागतात. कोणत्या जाती आसपास आहेत हे ठाऊक नसेल, तर पहिल्या वर्षी दोन-तीन मापांच्या नळ्या मिसळून लावाव्यात आणि कोणत्या भरतात ते पाहावे. खोली निदान १० सेंटिमीटर असावी, १५ असल्यास उत्तम. मागचे टोक पूर्ण बंद हवे, कारण मागून उजेड किंवा वारा येणारी नळी मादी नाकारते. आतला पृष्ठभाग गुळगुळीत असावा.

घरटे कशाचे करावे, या प्रश्नाचे माझे उत्तर एकच: जे उघडता येईल त्याचे. सर्वांत चांगला प्रकार म्हणजे अर्धगोल खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून पट्ट्याने आवळलेला ठोकळा. पट्टा सोडला की प्रत्येक थर सुटा होतो. दुसरा प्रकार कागदी नळ्यांचा. कागदाची नळी फाडून कुप्या काढता येतात आणि रिकामा कागद जाळून टाकता येतो. पोकळ वेत किंवा बोरू वापरल्यास ते उभे चिरावे लागतात, पण चालतात. बांबूचे तसे नाही. त्याचा व्यास प्रत्येक तुकड्यात वेगळा असतो आणि तो चिरताना आतल्या कुप्या चिरडतात. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नळ्या आत पाहण्यासाठी आकर्षक वाटतात, पण त्यांतून ओलावा बाहेर जात नाही आणि परागावर बुरशी धरते. अखंड ओंडक्याला भोके पाडून केलेले घरटे सर्वांत वाईट. कागदी अस्तर न घालता ते लावले, तर ते कधीच साफ करता येत नाही.

माद्यांना आपली नळी ओळखायला खुणा लागतात. घरट्याच्या दर्शनी बाजूवर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे ओढले किंवा काही नळ्या थोड्या पुढे-मागे ठेवल्या, तर परतणारी मादी चुकत नाही. एका मादीमागे निदान दोन नळ्या मोकळ्या राहतील असा हिशेब ठेवावा. जागेसाठी भांडणाऱ्या माद्या कुप्या अर्धवट सोडून जातात.

जागा, फुले आणि पाने

घरटे जमिनीपासून कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर, पक्क्या आधाराला घट्ट बांधावे. दोरीला टांगून वाऱ्यावर हेलकावणाऱ्या घरट्यात माद्या टिकत नाहीत. तोंड पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे असावे, कारण हवा साधारण २० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय या माश्या नीट उडत नाहीत आणि सकाळचे ऊन त्यांचा दिवस लवकर सुरू करते. दुपारचे कडक ऊन मात्र नळीतील अळ्यांना भाजून काढते, तेव्हा वर पुढे आलेले छप्पर हवेच. पावसापासून बचावही त्यानेच होतो. पक्षी नळ्या ओढून काढत असतील तर पुढे जाळी लावावी, पण ती नळ्यांच्या तोंडापासून काही सेंटिमीटर दूर असावी आणि तिच्या छिद्रांतून मादी पानाच्या तुकड्यासह सहज जाऊ शकली पाहिजे. खांबाला चिकट पट्टी किंवा पाण्याचा खंदक केल्यास मुंग्या रोखता येतात.

हंगामात घरटे जागेवरून हलवू नये. मादीने जागा लक्षात ठेवलेली असते. घरटे काही फूट जरी सरकवले, तरी ती जुन्या जागी घिरट्या घालत राहते.

या माश्या लांब जात नाहीत. लहान जातींचे बहुतेक काम घरट्यापासून शंभर-दोनशे मीटरांत चालते, म्हणून फुले आणि पाने दोन्ही जवळ हवीत. शेंगवर्गीय फुले त्यांना विशेष प्रिय असतात. पानांच्या बाबतीत पातळ, गुळगुळीत आणि लव नसलेले पान त्या निवडतात. गुलाब तर आहेच. काही जाती बोगनवेल आणि इतर फुलांच्या पाकळ्याही कापून नेतात.

कीटकनाशकांचा धोका या माश्यांना दुहेरी असतो. मकरंद आणि परागातून विष येतेच, शिवाय फवारलेले पान कापून मादी ते थेट पिल्लाच्या अंगाभोवती गुंडाळते. झाडाच्या रसात भिनणारी कीटकनाशके गुलाबाला घातली असतील, तर त्या बागेत पानकाप्या माश्या पाळण्याचा विचारच करू नये.

नळ्या उतरवणे आणि कुप्या सुट्या करणे

फुलांचा बहर ओसरला आणि नळ्यांशी ये-जा थांबली की भरलेल्या नळ्या संध्याकाळी उतरवाव्यात. बाहेर राहिल्या तर प्रत्येक दिवस परजीवींच्या फायद्याचा असतो. या वेळी आतल्या काही अळ्या अजून खात असतात, म्हणून नळ्या लगेच थंड करू नयेत. हवेशीर, कोरड्या खोलीत, १५ ते १८ अंशांवर त्या काही आठवडे ठेवल्या की उरलेल्या अळ्या वाढ पूर्ण करतात. नळ्या आडव्या ठेवाव्यात आणि आदळआपट टाळावी, कारण अन्नावरून घसरलेली कोवळी अळी उपाशी मरते.

नंतर नळ्या उघडाव्यात. येथे चॉकब्रूड या बुरशीजन्य रोगाचा विचार करावाच लागतो. हा रोग अॅस्कोस्फेरा अॅग्रेगाटा या बुरशीमुळे होतो. अळी परागाबरोबर तिचे बीजाणू खाते, मरते आणि कडक, करड्या-काळ्या बीजाणूंनी भरलेल्या काडीसारखी होऊन नळीत पडून राहते. पुढच्या हंगामात नळीच्या तळाशी असलेल्या निरोगी मादीला बाहेर पडण्यासाठी हे मेलेले भावंड कुरतडूनच जावे लागते. ती अंगावर अगणित बीजाणू घेऊन बाहेर येते, आणि तिने बांधलेल्या नव्या कुप्यांत ते परागाबरोबर पोहोचतात. न उघडता तसेच ठेवलेले घरटे रोग वाढवते ते याच मार्गाने. कुप्या एकमेकींपासून सुट्या केल्या की प्रत्येक माशी आपापल्या कुपीतून थेट बाहेर पडते आणि ही साखळी तुटते. कॅनडातील लेथब्रिज येथे जी. ए. हॉब्स यांनी १९६० च्या दशकात या माशीच्या संगोपनावर जे काम केले, त्यातून सुट्या कुप्यांची पद्धत रुळली आणि आजही व्यापारी संगोपन तिच्यावरच चालते.

थोड्या कुप्या असतील तर हाताने, बोथट लाकडी काडीने त्या हलकेच वेगळ्या कराव्यात. सैल पाने, पानांची झाकणे आणि मोडलेल्या कुप्या जाळीच्या चाळणीतून चाळून टाकाव्यात. या कचऱ्यातच पिठातील किडे आणि पतंगांच्या अळ्या लपलेल्या असतात. मग वीस-पंचवीस कुप्या नमुन्यादाखल धारदार पात्याने उघडून पाहाव्यात. निरोगी कोशपूर्व अळी पिवळसर पांढरी, टणक आणि कमानीसारखी वाकलेली दिसते. कुपीत नुसता परागाचा गोळा असेल, तर अंडे किंवा कोवळी अळी मेलेली असते. कडक काळपट अळी म्हणजे चॉकब्रूड. एका कुपीत अनेक बारीक पांढऱ्या अळ्या किंवा कोश दाटीने भरलेले असतील, तर ते परजीवी गांधीलमाशीचे काम. नमुन्यात चॉकब्रूडचे प्रमाण लक्षणीय दिसले, तर तो साठा पुढे वापरायचा मोह टाळावा.

रिकाम्या लाकडी पट्ट्या खरवडून, घरगुती ब्लीचच्या पातळ द्रावणात बुडवून आणि पूर्ण वाळवून ठेवाव्यात. हे काम हातमोजे घालून उघड्यावर करावे आणि ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही स्वच्छतेचे रसायन, विशेषतः आम्ल, मिसळू नये. कागदी नळ्या पुन्हा वापरू नयेत.

थंडीतील साठवण आणि उबवण

हा भाग थंड हिवाळ्याच्या प्रदेशांतील सुप्त जातींपुरताच आहे. कुप्या हवा खेळेल अशा डब्यांत घालून सुमारे ५ अंशांवर ठेवाव्यात. हवा फार कोरडी असेल तर अळ्या सुकतात आणि फार दमट असेल तर कुप्यांवर बुरशी चढते, म्हणून अधूनमधून डबे उघडून पाहावेत. सात-आठ महिने त्या अशा राहू शकतात.

उबवण सुरू करण्याची तारीख फुलांवरून मागे मोजून ठरवायची असते. कुप्या ३० अंश तापमानात आणि ६० ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवल्या, तर रोटुंडाटाचे नर साधारण १८ ते २० दिवसांत आणि माद्या त्यानंतर दोन-तीन दिवसांनी बाहेर पडू लागतात. म्हणजे बहराच्या सुमारे तीन आठवडे आधी कुप्या उबेला ठेवाव्या लागतात. पाऊस लांबला किंवा फुले उशिरा आली, तर माश्या जवळजवळ तयार झालेल्या टप्प्यावर तापमान १५ ते २० अंशांपर्यंत उतरवून त्यांना काही दिवस रोखून धरता येते. त्याआधी, कोश घडत असताना, गारवा दिल्यास नुकसान होते.

परजीवींवरचा सर्वांत प्रभावी उपायही याच काळात करावा लागतो. टेरोमॅलस व्हेनुस्टस ही दोन-तीन मिलिमीटरची गांधीलमाशी कुपीच्या भिंतीतून नांगी घालून आतल्या अळीला बधिर करते आणि तिच्यावर अंडी घालते. एका अळीवर तिची पंधरा-वीस पिल्ले वाढू शकतात. ३० अंशांवर हे परजीवी दुसऱ्या आठवड्यातच, म्हणजे माश्यांच्या कितीतरी आधी, बाहेर पडतात आणि शेजारच्या कुप्यांवर हल्ला करतात. उबवणीची खोली अंधारी ठेवून एका कोपऱ्यात अतिनील दिव्याखाली साबणाच्या पाण्याची परात ठेवली, तर ते दिव्याकडे जाऊन पाण्यात पडतात. आठव्या दिवसापासून दिवा लावावा आणि माश्या निघू लागण्यापूर्वी तो बंद करावा. कोकिळावृत्तीच्या सीलिऑक्सिस माश्यांवर मात्र असा उपाय नाही. टोकदार पोटाची ही माशी कुपी बंद होण्यापूर्वी आपले अंडे आत घालते आणि तिची अळी मोठ्या विळ्यासारख्या जबड्यांनी यजमानाचे अंडे किंवा अळी मारून अन्न खाते. नळ्यांभोवती घुटमळणाऱ्या टोकदार पोटाच्या माश्या हाताच्या जाळीने पकडता येतात. पण त्या थोड्या असतील तर दुर्लक्ष करावे; त्या आहेत याचाच अर्थ यजमान माश्या पुरेशा आहेत.

माश्या सोडणे

पहिले नर बाहेर पडताना दिसले की कुप्यांचे पसरट तबक घरट्याच्या छपराखाली, नळ्यांच्या जवळ, सावलीत ठेवावे. तबकावर जाळी असावी, पण माश्या बाहेर पडू शकतील इतकी मोठी. नवे, स्वच्छ घरटे आधीच जागेवर हवे. सकाळच्या गारव्यात तबक ठेवल्यास माश्या हळूहळू उबेला येतात आणि जागेची ओळख करून घेत उडतात. भर दुपारी ठेवल्यास त्या थेट दूर निघून जातात. नर आधी निघून माद्यांची वाट पाहतात आणि मीलनानंतर काही दिवसांत संपतात. माद्या पुढे सहा-आठ आठवडे काम करू शकतात.

माश्या विकत आणायच्या असतील, तर त्या आपल्याच प्रदेशातील जातीच्या आणि तपासलेल्या सुट्या कुप्यांच्या रूपातच घ्याव्यात. दुरून आलेल्या नळ्यांबरोबर परक्या जाती, बुरशी आणि परजीवी सहज येतात आणि अनेक देशांत अशा आयातीवर निर्बंधही आहेत. बहुतेक बागांत मात्र विकत आणण्याची गरज पडत नाही. पानांवर गुळगुळीत काप दिसत असतील, तर माश्या आधीच आहेत. योग्य मापाच्या नळ्या लावल्या की पहिल्याच हंगामात काही नळ्यांची तोंडे पानांनी बंद झालेली सापडतात. तबकात माश्या न निघालेल्या कुप्या शेवटी उरतातच. माद्यांचे निघणे थांबल्यावर आठवडाभर वाट पाहावी आणि मग त्या घरट्याजवळ न ठेवता जाळून टाकाव्यात.